आवडीचा श्वास

बैलगाडी दवाखान्यापुढं नीट उभी राहायच्या आतच ठकूबाईनं पोरीला बगलेत धरून खाली ओढलं, आणि व्हरांड्यात औषधाला बसलेल्या बायका उठून भिंतीला लागल्या.

“विष पिली गं बाय, विष पिली,” गाडीवरून कुणीतरी म्हणालं.

“नाय पिली!” ठकूबाई मागं वळून ओरडली. “माझ्या पोरीनं काय बी पिलं नाय!”

आत डॉ. सुंदरा सोनावळे मुंबईहून आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना एका म्हाताऱ्याची छाती ऐकवत होती. तिनं कानातली नळी काढली आणि बाहेर आली. पोरीकडे एकदा पाहिल्यावर कुणाला काही विचारायची तिला गरजच वाटली नाही. तोंडाला फेस, अंग घामानं निथळतंय, गालाचे न् दंडाचे स्नायू कातडीखाली मुंग्या चालाव्यात तसे थरथरताहेत, आणि डोळ्यांच्या बाहुल्या पार टाचणीच्या टोकाएवढ्या.

“आत घ्या. वागळे, सक्शन. नफीसा, माझी हवेची पिशवी.”

ते एकोणऐंशी साल होतं. मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजानं खालापूर तालुक्यात ग्रामीण केंद्र चालवायला घेतलं होतं. कौलारू इमारत, थोड्या खाटा, एक नर्सबाई आणि अंगणात हातपंप. अधूनमधून कॉलेजची जीप यायची, एक प्राध्यापक आणि दोन-चार शिकाऊ डॉक्टर दिवसभर रोगी तपासायचे आणि संध्याकाळी परत जायचे. बाकीचे प्राध्यापक ही पाळी आली की आजारी पडायचे. सुंदरा मात्र मागून घ्यायची. हे तिचं माहेर. कोंडाण्याच्या वाटेवरच्या वस्तीत ती वाढली. बाप हिरामण रेल्वेत गँगमन. ठाकुरवाडीच्या चढणीवर रुळांची राखण करता करता त्याचा जन्म गेला. पोर डॉक्टर झाली तेव्हा तो घाटात भेटेल त्या मालगाडीच्या गार्डाला हाळी घालून सांगायचा म्हणे.

डॉक्टर झाली, पुढं एम.डी. झाली, पण तिची उमेदीची वर्षं गेली ती धनुर्वाताच्या वॉर्डात. आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही. खिडक्यांना काळी कापडं, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि रोग्याचा श्वास थांबला की हातातली रबरी पिशवी दाबून छातीत हवा भरायची. डॉक्टर थकला की नर्स, नर्स थकली की रोग्याचा भाऊ. यंत्रं फार नंतर आली. ती आली तेव्हाही कॉलेजात त्यांना जागा नव्हती. सुंदरानं डीनसाहेबांच्या दारात इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्यांनी चादरी ठेवायची खोली रिकामी करून दिली. तिथं तिनं चार खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. फवारणीच्या विषानं श्वास बंद पडलेली माणसं त्या खोलीत सगळ्यांत जास्त यायची. त्यांच्यावरच तिचा अभ्यास होता. अ‍ॅट्रोपिन हा उतारा किती द्यावा, कसा वाढवावा, कुठं थांबावं, हे मुलं तिच्या निबंधातून पाठ करायची. त्याच निबंधात तिनं एक वाक्य लिहिलं होतं: विषबाधेत नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबू नये. परीक्षेत ते हमखास विचारलं जायचं.

पोरीचं नाव आवडी. वय अठराच्या आसपास. तिला खाटेवर घेईतो तिचा श्वास अडखळायला लागला होता. छातीत घागर बुडताना होतो तसा आवाज. वागळेनं पायानं सक्शन चालवलं, नळीतून फेसाळ पाणी येतच राहिलं. दुसरी शिकाऊ डॉक्टर, नफीसा मुकादम, खाटेच्या डोक्याशी बसली. रोह्याकडची मुलगी, हातानं चिवट. तिनं आवडीचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर रबरी मुखवटा घट्ट धरला आणि पिशवी दाबायला सुरुवात केली.

“किती प्यायली?” सुंदरानं शीर शोधता शोधता विचारलं.

“पिली नाय वो बाई.” ठकूबाईनं खाटेची कड घट्ट पकडली होती. “ज्योतिबाची आण. पोटात काय गेलं नाय तिच्या.”

“घरात औषध होतं ना? भातावर फवारायचं?”

“व्हतं. पन पिली नाय.”

सुंदरा वागळेकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “प्रत्येक आई हेच म्हणते. पोलिसांची भीती असते, गावाची असते. पोटात नळी घाल.”

त्यात तिची चूक तरी काय म्हणावी? तिनं अशा किती आया पाहिल्या होत्या. हातात रिकामी बाटली धरून “पिली नाय” म्हणणाऱ्या.

पोटातून पाणी आलं ते स्वच्छ. ना वास, ना रंग. वागळेनं घमेलं पुढं केलं. “मॅडम, यात काहीच नाही.”

“वेळ झालाय. आतड्यात उतरलं असेल. अ‍ॅट्रोपिन चालू ठेव.”

औषध शिरेतून गेलं तशी पोर वर आली. नाडी वाढली, छातीतलं पाणी आटलं, बाहुल्या उमलल्या. आवडीनं मान हलवली. ठकूबाईनं पदर तोंडात कोंबला. सुंदरानं मनगटावर बोट ठेवलं होतं, तिथूनच तिनं मुलांना सांगितलं, “बघा. हे सुटलं. आता एवढंच टिकवायचं.”

टिकलं नाही.

थोड्या वेळानं कपाळावर पुन्हा घाम फुटला. छातीत पुन्हा ती घागर बुडायला लागली. सुंदरानं मात्रा वाढवली. पोर वर आली. परत खाली गेली. पुन्हा वाढवली. एखाद्याला विहिरीतून वर ओढावं आणि काठाशी आला की कुणीतरी खालून त्याचे पाय धरावेत, तसं चाललं होतं. नर्सबाईनं कपाट उघडलं आणि खोके हलवून पाहिले.

“बाई, ह्या औषधाच्या सुया संपत आल्या.”

“जीप खोपोलीला पाठवा. मिळेल त्या दुकानातून घ्या, कारखान्याच्या दवाखान्यातून घ्या, माझं नाव सांगा.”

“मुंबईला हलवायची?” वागळेनं विचारलं.

“वाटेत जाईल ती. पनवेलसुद्धा गाठणार नाही.” हे तिनं इंग्रजीत सांगितलं, पण ठकूबाईनं तिचा चेहरा वाचला आणि खाटेच्या पायाशी खाली बसून पोरीचे पाय धरले.

जीप गेली आणि तिच्याच धुळीतून एक टेंपो आत आला. त्यातून नव्या साड्या नेसलेल्या चार बायका उतरल्या. पुढं होती ती मालनबाई, खोपोलीची. तिच्या गजाशी, कारखान्यात फिटर असलेल्या पोराशी, आवडीचं वैशाखात लग्न ठरलं होतं. त्याच दिवशी सासरच्या बायका साडी आणि वेणी घेऊन यायच्या होत्या. आमच्या या भागात सासू सुनेला समोर बसवते, तिचे केस स्वतः मोकळे करते, तेल घालून विंचरते आणि आपल्या हातानं फुलांची वेणी माळते. ते झालं की मुलगी आपली झाली असं समजतात. मालनबाई घरी पोचली तर घराला कडी, आणि वस्तीतल्या कुणीतरी सांगितलं की पोरगी विष पिली.

ती दारातच उभी राहिली. हातातल्या परडीत अबोलीची वेणी तशीच होती.

“का वो विहीणबाई,” ती म्हणाली, आवाज फार जपून काढलेला, “आमचा पोरगा येवढा वाईट हाय का?”

“तसं नाय वो...”

“नको व्हता तर तोंडानं बोलायचं. आमी काय बांधून नेनार व्हतो? उद्या सारी खोपोली म्हनंल, गजाचं नाव ऐकून पोरगी विष पिली. त्याला कोन पोर देईल?”

“पिली नाय!” ठकूबाई एवढंच म्हणाली. आणि मालनबाईकडं बघून तिनं पुढचं गिळलं. सुंदराच्या नजरेला ते गिळणं पडलं, पण तेव्हा तिच्या बोटाखालची नाडी मंद होत चालली होती.

“भांडण बाहेर,” ती ओरडली. “इथं पोर मरतेय.”

मालनबाई बाहेर गेली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं डोळे पुसले. मग सुंदराकडे निरखून पाहत म्हणाली, “हिरामन गँगमनची ना तुमी? माझा बाप तुमच्या बापासंगं रेल्वेत व्हता. वाचवा वो पोरीला. लगीन मोडलं तर मोडू द्या.”

पिशवीचा फुस्‌-फुस्‌ आवाज तेवढा चालू होता. आवडीचा स्वतःचा श्वास आता जवळजवळ थांबलाच होता. छाती हलत होती ती नफीसाच्या हातानं. सुंदराच्या डोक्यात गणित चाललं होतं. एवढी मात्रा तिनं मुंबईतसुद्धा कुणाला दिली नव्हती. पोट रिकामं, तरी विष येतंय कुठून? की औषधच जुनं निघालं? की ही खाटेवर निपचित पडलेली पोर तिच्या निबंधात बसणारीच नव्हती?

“मॅडम,” नफीसा म्हणाली, “दुसरं कुणी घेईल का थोडा वेळ? माझं डोकं चढलंय.”

“वागळे, घे.”

“आणि दिवे लावता का? अंधारून आलंय.”

वागळेनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर फाल्गुनातलं रणरणतं ऊन. अंगणातल्या हातपंपाचं लोखंड चमकत होतं.

“अगं, दुपार आहे,” तो हसून म्हणाला. “भूक लागलीय तुला.”

सुंदरानं मान वर केली. नफीसाच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ती मनगटानं ते पुसत होती. सुंदरा एका ढांगेत तिच्यासमोर गेली, हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे फिरवला. नफीसाच्या डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे ठिपके होते.

“ऊठ. तिचं डोकं खाली ठेव. कुणी हात लावू नका.” सुंदराचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “वागळे, हातमोजे घाल, मगच धर. नफीसा, पंपावर जा. साबण लाव, कोपरापर्यंत, चेहऱ्याला, मांडीला. ही साडी बदल, नर्सबाई देतील ती नेस. पळ.”

नफीसाच्या मांडीवर जिथं आवडीचं डोकं होतं तिथं कापड तेलानं काळपट ओलं झालेलं होतं.

सुंदरानं रबरी हातमोजे चढवले आणि आवडीचं डोकं हलकेच उचललं. जाड, लांब, काळेभोर केस. घट्ट वेणी, चापूनचोपून बसवलेली, मुळाशी खोबरेलानं निथळणारी. तिनं वास घेतला. खोबरेलाच्या खाली तो दुसरा वास होता. पोर आली तेव्हापासून खोलीत होता तोच. तिला वाटलं होतं फवारणीचं औषध कपड्यांवर सांडलंय.

ती ठकूबाईसमोर जाऊन उकिडवी बसली.

“ठकू.” लहानपणी नदीवर हाक मारायची तशी तिनं हाक मारली. दोघी एकाच गावच्या; नदीवर घाट वेगळे होते, पण हाका दोन्हीकडं पोचायच्या. “ठकू, डोक्याला काय लावलंस?”

ठकूबाईनं सुंदराकडं पाहिलं नाही. मालनबाईकडं पाहिलं. मालनबाईच्या हातातल्या परडीकडं पाहिलं.

“मी तुझं ऐकलं नाही,” सुंदरा म्हणाली. “तू सांगत होतीस पोटात काही गेलं नाही. खरं सांगत होतीस. आता उरलेलं सांग. लाजलीस तर पोर जाईल.”

“उवा,” ठकूबाई पुटपुटली.

“मोठ्यानं.”

“उवा व्हत्या गं!” ठकूबाई रडतच ओरडली. “डोकं भरलं व्हतं उवांनी! आज ह्या वेनी माळाया येनार, केस मोकळं करनार, मी काय तोंड दावू? शेजारीन बोलली, भातावरच्या औषदानं ढेकनं मरत्यात, मंग उवा नाय का मरनार? सकाळी खोबऱ्याच्या तेलात कालवलं न् मुळापासनं चोळलं. फडकं बांधून ठेवलं. मंग फनीनं काढल्या, वेनी घातली. तेल जास्ती झालं ते चांगलंच, म्हनलं, केस चमकतील. डोक्याला लावलेलं पोटात कसं जाईल गं? पोटात नाय गेलं म्हनूनच तर मी आन घेतली!”

मालनबाई उठून उभी राहिली होती.

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “माझ्या गजाला नको म्हनून नाय?”

“नाय वो! ती तर चार दिस झाले मेंदीचं विचारती...”

“उवांपायी?” मालनबाईचा आवाज चिरका झाला, हसू की रडू ते तिलाच कळेना. “अगं, उवा कोनाच्या डोक्यात नायत? माझ्या धाकटीचं डोकं बघ जाऊन! सारी चाळ खाजवती! येवढ्यासाठी लेकराला मारायला निगाली व्हतीस?”

“केस कापावे लागतील,” सुंदरा म्हणाली. नर्सबाईनं कात्री आणि वस्तरा पुढं केलाच होता. “सगळे. मुळापर्यंत.”

ठकूबाई एकदम खाटेवर आडवी झाली. “नको गं सुंदरा. धुवा. दहा बादल्या पानी घाला, मी वढते पंप. लग्नाच्या पोरीचं डोकं नको भादरू. रांडमुंड करून धाडू का मी तिला?”

“वेणीच्या आत विष मुरलंय, ठकू. मी वरून औषध देते न् केस कातडीतून आत विष सोडतात. धुऊन निघेपर्यंत सुया संपतील.”

ठकूबाई हलेना. वागळे पिशवी दाबत होता, त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. आवडीचे ओठ निळे पडायला लागले होते.

मालनबाईनं परडी खिडकीत ठेवली. पदर खोचला. विहिणीच्या दोन्ही दंडांना धरून तिनं तिला खाटेवरून उचलून बाजूला केलं, पोतं उचलावं तशी.

“कापा,” ती सुंदराला म्हणाली. “सून माजी हाय. मी सांगते, कापा.”

कात्री जाड वेणीला पहिल्यांदा लागेना. सुंदरानं दोन्ही हातांनी दाबली. वेणी तुटून घमेल्यात पडली, तिला हात न लावता नर्सबाईनं घमेलं बाहेर नेलं. मग साबणाचं पाणी आणि वस्तरा. सुंदरा भादरत गेली, वागळे श्वास देत राहिला, आणि बाहेर ठकूबाई वेड्यासारखी पंप ओढत होती; ओल्या केसांची नफीसा दाराशी उभी राहून बादल्या आत सरकवत होती. मालनबाईच्या बरोबर आलेल्या बायका नव्या साड्या चिखलात भिजवत ओळीनं उभ्या राहिल्या आणि बादल्या हातोहात पुढं गेल्या. साबण, पाणी, परत साबण. मान, कानांच्या मागं, पाठ, नखं. आवडीचं उघडं डोकं सोललेल्या नारळासारखं चकचकीत झालं.

नर्सबाईनं शेवटच्या सुया समोर ठेवल्या. सुंदरानं त्या दिल्या. नाडी वाढली. बाहुल्या उघडल्या. मघाशीही इथपर्यंत आलं होतं. मघा किती वेळात पडली होती पोर? सुंदरा कपाळावर हात ठेवून बसली. घाम येतोय का? कपाळ कोरडं होतं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, कोरडंच. छातीला नळी लावली; आतली घागर बुडत नव्हती.

“वागळे, थांब.”

“मॅडम?”

“पिशवी थांबव.”

त्यानं हात वर उचलले. पिशवी निपचित लोंबली. आवडीची छाती हलली नाही. ठकूबाई दारात बादली धरून उभी होती, ती तशीच राहिली. सुंदरानं विभाग उभा केला, मुलं घडवली, निबंध लिहिले, पण या एका क्षणाशी तिची कधी ओळख झाली नाही. इथं करायचं काहीच नसतं. नुसतं बघायचं असतं, आणि तेच जमत नाही.

बरगड्यांखाली कातडी किंचित आत ओढली गेली. मग पोट हललं. मग छाती उचलली, थरथरत, अर्धवट, आणि खाली बसली. पुन्हा उचलली.

“स्वतःचा आहे,” वागळे म्हणाला. आणि खाटेच्या पायाशी बसून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

जीप खोपोलीहून आली तेव्हा उन्हं कलली होती. औषध पुष्कळ आणलं होतं. त्यातलं थोडंच लागलं. आवडीला रात्री तिथंच ठेवायचं ठरलं, सुंदरानं मुंबईला निरोप धाडला की आपण उद्या येतो. नफीसाच्या बाहुल्या पूर्ववत झाल्या होत्या. तिला चहा आणि बिस्किटं दिली होती आणि तिच्याभोवती सगळ्या बायका जमल्या होत्या, कारण तिला अंधारून आलं नसतं तर काय झालं असतं हे प्रत्येकीला दुसरीला सांगायचं होतं.

सुंदरा व्हरांड्यात आली आणि जमिनीवर, ठकूबाईच्या शेजारी, पाय पसरून बसली. मागोमाग आलेल्या वागळेलाही तिनं खूण केली, बस.

“आता पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “औषध कोणत्या भांड्यात कालवलंस, उरलेलं कुठं आहे, घरात आणखी कुणाच्या डोक्याला लावलंस. सगळं. मी मध्ये बोलणार नाही.”

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. “उरलेलं फळीवर हाय, डब्याच्या मागं. आनखी कोनाला नाय लावलं. आवडीच्याच डोक्याला, न् माझ्या हाताला.” तिनं हात पुढं केले. वागळेनं ते उलटसुलट करून पाहिले, मग तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. पंप ओढता ओढता तिचे हात केव्हाच धुतले गेले होते.

“केस येतील ना गं?” तिनं मधेच विचारलं.

“येतील.”

“वैशाखापतुर?”

वागळेला हसू आवरेना. आत खाटेशी बसलेल्या मालनबाईनं ते ऐकलं आणि खिडकीतून तोंड काढून म्हणाली, “वैशाखात नाय तर माघात करू. माजा गजा कुठं पळून चाललाय? आनि ह्या वेळी विंचराया मी आधी येनार, तुज्या हातात फनी देनार नाय!”

आत आवडी कसलंसं बोलली. आवाज घोगरा होता, बहुतेक पाणी मागितलं. खिडकीतून मालनबाई आणि व्हरांड्यातून ठकूबाई, दोघी एकदम तिच्याकडं धावल्या.